‘रँगो’ लावा, पण सात वर्षांच्या मुलाशेजारी कुणीतरी बसा

तुमचा प्रश्न असा आहे: घरात सात आणि अकरा वर्षांची मुलं, मोठ्यांना जुने काउबॉयपट आवडतात, मग सगळ्यांनी मिळून बघावा असा ॲनिमेशनमधला वेस्टर्न कोणता? माझं उत्तर ‘रँगो’ (२०११). दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की, नायकाला जॉनी डेपचा आवाज, लांबी १०७ मिनिटं. २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर यालाच मिळालं.

काचेच्या पेटीत वाढलेला एक पाळीव घोयरा सरडा गाडीतून मोहावीच्या वाळवंटात पडतो. ‘डर्ट’ नावाच्या तहानलेल्या गावात पोचतो आणि एका गोळीत सात भाऊ लोळवल्याची थाप मारून शेरीफ होऊन बसतो. गावातली बँक पैशांची नाही, पाण्याची. तिजोरीत काय, तर कूलरवर उलटी ठेवतात तसली बाटली! ती चोरीला जाते. मुलं चोराच्या मागे लागतात, तर मोठ्यांना व्हीलचेअरवरचा कासव महापौर बघून ‘चायनाटाउन’ (१९७४) आठवतो. पाणी तोडायचं, जमिनी कवडीमोल झाल्या की विकत घ्यायच्या, हा तोच डाव. त्या सिनेमाच्या मुळाशी लॉस एंजेलिसने ओवेन्स खोऱ्याचं पाणी पळवल्याचा खरा इतिहास आहे. ते पाणी शहरात आणणारा कालवा १९१३ मध्ये सुरू झाला. गावकरी वाजतगाजत नळापाशी जमतात आणि नळातून चिखल येतो, हा प्रसंग टँकरची वाट बघितलेल्यांना हसवेल, पण पुरतं हसू देणार नाही.

आता अडचणी. सुरुवातीची काही मिनिटं सरडा पेटीतल्या निर्जीव खेळण्यांना घेऊन एकट्यानेच नाटक करत असतो. लहान मुलं उठून जातात ती इथेच. ससाणा मागे लागेपर्यंत त्यांना धरून ठेवा, पुढे ती हलणार नाहीत. संवाद भरभर आणि जुन्या अमेरिकी खेडवळ ढंगाचे आहेत, म्हणून इंग्रजी ऐकत असलात तरी सबटायटल्स लावाच. अर्धे विनोद शब्दांत आहेत.

भीतीचं म्हणाल तर रॅटलस्नेक जेक. अजस्र साप, शेपटीला खुळखुळ्याच्या जागी अनेक नळ्यांची गॅटलिंग बंदूक, आवाज बिल नायचा. तो गावात शिरला की सिनेमातली गंमत एकदम थांबते. धाकट्याला आधीच सांगून ठेवा की साप येणार आहे. शेवटाकडे तिजोरीत पाणी चढत जातं आणि आत दोघं अडकलेले असतात, तेव्हाही जवळ असा. सिगार आणि दारू भरपूर आहे. धूम्रपानावरून अमेरिकेत आरोग्य संघटनांनी हरकत घेतली होती. अकरा वर्षांच्या मुलाला काही अडचण नाही. सात थोडं लवकरच, पण शेजारी मोठं माणूस असेल तर चालेल.

मोठ्यांसाठी खरी मेजवानी दिसण्यात आहे. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. प्रकाशयोजनेसाठी छायालेखक रॉजर डीकिन्सचा सल्ला घेतला होता. म्हणून दुपारचं ऊन डोळ्यांत खुपतं, पात्रं गोजिरवाणी नसून सुरकुतलेली, मळकी आहेत. ॲनिमेशनमध्ये नट बहुधा एकेकटे येऊन आवाज देतात. इथे सगळ्यांना एकत्र आणून, हातात टोप्या-बंदुका देऊन प्रसंग करवून घेतले. हालचाली टिपायला अंगाला सेन्सर लावलेले नव्हते. चित्रीकरण ॲनिमेटरांना नुसतं बघायला होतं. एकमेकांचं वाक्य तोडणं, धापा टाकणं खरं वाटतं ते त्यामुळे.

पाँचो घातलेला, गोल्फच्या गाडीतून आलेला ‘स्पिरिट ऑफ द वेस्ट’ दिसला की सगळे म्हणतात, क्लिंट ईस्टवुडने आवाज दिलाय. चेहरा त्याच्यावर बेतलाय, आवाज टिमोथी ऑलिफंटचा आहे. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा एखादा ईस्टवुडपट आधी बघितलेला असेल तर त्या गाडीतल्या ऑस्करसारख्या सोनेरी बाहुल्यांवर जास्त हसाल.

हा सिनेमा थ्रीडीत काढलेलाच नाही, त्यामुळे टीव्हीवर काही हुकत नाही. फक्त टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. भुयारातले प्रसंग अंधारे आहेत, तेव्हा पडदे ओढून घ्या. डिस्कवर थोडी लांबवलेली आवृत्तीही मिळते. पहिल्या खेपेला मात्र थिएटरचीच लावा, मुलांच्या दृष्टीने १०७ मिनिटंही कमी नाहीत.