तालुक्याच्या गावी राहून ए.ए.ची मीटिंग कशी गाठायची?

ताई, तुम्ही विचारलंय की नवरा दारू सोडायला तयार झालाय, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, तर जवळची ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेले गट) मीटिंग कशी शोधायची आणि तुम्हाला सोबत जाता येईल का. शोधायचं कसं ते सांगतोच, पण त्याआधी डॉक्टर.

रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत. फिट किंवा भास दिसले तर थेट १०८ ला फोन करा. याआधी कधी सोडताना फिट आली असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवूनच बंद करा. गावातले डॉक्टर सलाइन लावणार असतील तर हा रोज पितो हे आधी सांगा आणि ग्लुकोजच्या अगोदर व्हिटॅमिन बी-वन द्यायचं का, हे विचारा. शरीरात बी-वन संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आता शोध. ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार यादी आहे, पण नुसत्या यादीवर विसंबून निघू नका. मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात मागून घेतलेल्या जागेत चालतात. जागा सुटली की पत्ता बदलतो आणि यादीत जुनाच राहतो. बंद दारासमोरून परतलेला माणूस बहुतेकदा दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करा. यादीत तुमचा तालुका नसेल तर सातारा, कराड, पुणे असं बाहेर सरकत जा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे, पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण'. या दोन्ही संस्था ए.ए. नव्हेत, पण व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांना आसपासचे गट ठाऊक असतात. मुक्तांगणचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही भरतात, तेही विचारून घ्या.

फोन तुमच्या नवऱ्याला स्वतःला करू द्या. तुम्ही केलात तरी पलीकडचा माणूस बहुधा म्हणेल, "त्यांना द्या ना फोन." यात तुमचा अनादर नाही. ए.ए.त येण्यासाठी अट एकच आहे, दारू सोडायची इच्छा, आणि ती त्यांच्याच तोंडून यावी लागते. फोनवर चार गोष्टी विचारायच्या: आजची मीटिंग नक्की आहे का, मराठीत बोलतात का, ओपन आहे की क्लोज्ड, आणि दारापाशी कुणी भेटेल का. आणखी एक विचारा: दोन सभासद आधी घरी येऊन भेटतील का? अशी भेट हा ए.ए.च्या कामाचाच भाग आहे. हॉलच्या पायऱ्या चढायला बिचकणाऱ्याला तिचा फार आधार होतो.

ओपन मीटिंगला तुम्ही सोबत बसू शकता. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. तुमच्यासाठी वेगळी अल-अनॉन आहे, दारुड्याच्या घरच्यांची. ते प्यायचे थांबले नाहीत तरी तुम्ही तिथे जात राहा, असं मी आग्रहानं सांगेन. इतकी वर्षं निस्तरून तुम्हीही दमलेल्या आहात.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. एकजण सूत्र सांभाळतो, बाकीचे पाळीपाळीनं आपलं सांगतात, मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसानं नुसतं ऐकलं तरी चालतं, नाव सांगायचीही सक्ती नाही. फॉर्म नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. शेवटी टोपली फिरते, तीत ऐपतीप्रमाणे दहा-वीस रुपये टाकायचे किंवा काहीच नाही. प्रार्थना होते, चर्चचा हॉल असतो, म्हणून धर्मांतराची शंका काढणारे नातेवाईक भेटतील. ए.ए. कुठल्याही धर्माची नाही.

एका मीटिंगवरून ठरवू नका. पहिल्या दिवशी बरेचजण "मी यांच्याइतका बुडालेलो नाही" म्हणत बाहेर पडतात. गटागटात फरक असतो, सहा तरी मीटिंगा होऊ द्या, जमलं तर दोन वेगळ्या गटांत. आणि या काळात कुणी जेवणात गुपचूप कालवायची पावडर सुचवली तर घेऊ नका. तसल्या पावडरीत डायसल्फिराम (दारूसोबत शरीरात तीव्र त्रास उठवणारं औषध) असेल आणि वर दारू पडली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

तालुक्याच्या गावी खरी अडचण परतीची आहे. मीटिंग संध्याकाळी सातला सुरू होऊन साडेआठला सुटली तर शेवटची एसटी हुकते, आणि मग स्टँडवर घालवलेला तो तासच धोक्याचा असतो. फोनवरच विचारा, आपल्या वाटेवरचा कुणी सभासद गाडीनं येतो का. तशी सोय नसेल तर रविवार सकाळची मीटिंग पाहा, आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगा जोडा.