दीड वर्षाची मुलगी घास गालात धरून बसते, हा हट्ट समजायचा का?

तुमची मुलगी वाटून पातळ केलेलं खाते, जरा जाडसर लागलं की ओकारी काढते किंवा घास गालात धरून बसते. दूध मात्र मागेल तेव्हा पिते. वजन पूर्वीसारखं वाढत नाही आणि घरातले म्हणतात, हट्टी आहे, एक-दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे खाईल. आधी एवढंच सांगते: उपाशी ठेवू नका. खाण्या-गिळण्याच्या अडचणी असलेल्या मुलांसोबत मी काम करते, आणि तुम्ही लिहिलंय त्यात मला हट्टापेक्षा न जमणं जास्त दिसतंय.

भूक लागली की मूल आपोआप खातं, असं आपण धरून चालतो. पहिले काही महिने ते बरंचसं खरं असतं, कारण चोखणं ही जन्मजात प्रतिक्रिया आहे. तीही गर्भात साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास नीट जुळून येते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींची लय तोवर बसलेली नसते, म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळांना नळीने दूध द्यावं लागतं. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान जीभ घास बाहेर ढकलायची थांबते, आणि त्यानंतरचं खाणं हे शिकायचंच काम असतं.

चावण्यासाठी जिभेला घास बाजूला, हिरड्यांकडे किंवा दाढांकडे न्यावा लागतो, तिथे धरून ठेवावा लागतो, मग गोळा करून मागे सरकवावा लागतो. ज्या मुलाची जीभ अजून फक्त पुढे-मागे हलते, त्याला पातळ अन्न सहज गिळता येतं, पण गुठळी आली की तिचं काय करायचं ते कळत नाही. मग ती गालात साठते, नाहीतर न चावताच मागे जाते आणि ओकारी येते. तुमच्या मुलीचं हेच होत असावं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, ज्या बाळांना दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्यांचं अन्न मिळालं, त्यांना भरवताना पुढे जास्त त्रास झालेला दिसला. दीड वर्षाला उशीर झाला असला तरी वेळ निघून गेलेली नाही. या वयात मुलं शिकतात, फक्त पायऱ्या लहान ठेवाव्या लागतात.

मिक्सरमधून एकदम घरच्यांच्या ताटावर उडी मारू नका. चमच्याने दाबून मऊ केलेलं, सगळीकडे सारखं जाडसर असलेलं आधी द्या. पातळ रसात तरंगणाऱ्या गुठळ्या सगळ्यात अवघड, कारण तोंडात एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या शेवटी. बोटाने सहज चिरडेल असा मऊ, लांबट तुकडा तिच्या हातात द्या आणि तोंडाच्या कडेला, हिरडीपाशी चावू द्या. पाठ सरळ आणि पाय टेकलेले असू देत. ओकारीत आवाज येतो, चेहरा लाल होतो, मूल बहुतेक वेळा स्वतःच सावरतं. घास अडकून गुदमरलं तर आवाजच येत नाही. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा, आणि गुदमरल्यावर काय करायचं तेही शिकून ठेवा.

दुधाचं प्रमाण मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर पोट तिथेच भरतं. गाईच्या दुधात लोह फारच कमी असतं, आणि लोह कमी पडलं की भूकही मंदावते. हे चक्र भरवण्याची पद्धत बदलून तुटत नाही, रक्त तपासावं लागतं. शी घट्ट होते का, हेही बघा. बद्धकोष्ठाने भूक मरते.

वजनाबद्दल. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. त्यामुळे भूक आणि वेग दोन्ही कमी होणं स्वाभाविकच. पाहायचं ते वाढीच्या तक्त्यावर: तिची रेषा आपल्या मार्गाने चालली आहे, की खालच्या रेषा ओलांडत घसरते आहे?

जबरदस्ती कृपा करून थांबवा. नाक दाबून, हात धरून भरवलेल्या मुलाला चमचा दिसला तरी धास्ती वाटू लागते, आणि मग जे फक्त जमत नव्हतं त्यात भीतीची भर पडते. मोबाइल दाखवून भरवल्यावर घास आत जातो, पण तोंडात काय चाललंय याकडे तिचं लक्षच नसतं, त्यामुळे शिकणं होत नाही. काय द्यायचं आणि केव्हा, हे तुमच्या हातात. किती खायचं, हे तिच्या. जेवण अर्ध्या तासात आटोपा. नवीन पदार्थ नाकारला तर काही दिवसांनी पुन्हा ठेवा. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर चाखणारी मुलं पुष्कळ असतात.

काही लक्षणं असतील तर मात्र वाट पाहू नका: दूध-पाणी पिताना ठसका, खाल्ल्यावर ओला, घरघरता आवाज, पुन्हापुन्हा छातीत संसर्ग, खाताना धाप किंवा घाम, पाठ कमानीसारखी ताणून रडणं, शीमध्ये रक्त, आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडणं, वजन घटणं. काही मुलांच्या श्वासनलिकेत दूध जातं तरी ठसका येत नाही, म्हणून छातीचे आजार वारंवार होत असतील तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

तुमच्या बाबतीत ही लक्षणं नसली, तरी याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा. वजन, उंची, डोक्याचा घेर आणि रक्त तपासलं की गिळण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. जाताना घरी काढलेले दोन छोटे व्हिडिओ न्या, एक दूध पितानाचा आणि एक जाडसर घासाचा, तिचं तोंड समोरून दिसेल असे. अनोळखी खोलीत मुलं बहुधा खातच नाहीत, आणि त्या दोन मिनिटांत तिची जीभ कुठे वळते ते आम्हाला दिसतं.