ऑर्डरच्या मेलमधून आलेला नवा व्हायरस अडवायचा कसा?

प्रश्न: सर नमस्कार, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, ऑफिसात 22 कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज प्रो आणि त्यातलाच डिफेंडर अँटिव्हायरस, सगळे एकाच डोमेनमध्ये (म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यात). मागच्या महिन्यात बाहेरच्या पार्टीची ऑर्डर म्हणून मेलवर झिप आलती, डिस्पॅचच्या पोरानं आतली फाईल चालवली आणि डिफेंडर ओरडला दुसऱ्या दिवशी! अपडेट तर रोज होतंय, मग असं कसं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: पोराला रागवू नका आधी, ऑर्डर म्हटल्यावर कुणीही उघडेल. अपडेटमध्ये तोवर सापडलेल्या व्हायरसचीच ओळख असते, सकाळी बनवलेली फाईल त्यात कुठनं असणार. त्यासाठी ब्लॉक ॲट फर्स्ट साइट आहे, म्हणजे संशय आला की डिफेंडर फाईल धरून ठेवतो, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला विचारतो आणि मगच सोडतो.

22 मशीनवर फिरत बसू नका, सर्व्हरवरनं ग्रुप पॉलिसीत (इथं केलेली सेटिंग सगळ्या मशीनला लागते) मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरसखाली मॅप्स (MAPS, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड संरक्षण सेवा) फोल्डर उघडा. जॉईन मायक्रोसॉफ्ट मॅप्स ॲडव्हान्स्डवर, ब्लॉक ॲट फर्स्ट साइट एनेबल, आणि सॅम्पलच्या सेटिंगला (संशयित फाईल तपासायला मायक्रोसॉफ्टकडे पाठवायची का, ते इथं ठरतं) सेंड सेफ सॅम्पल्स. इथंच लोक चुकतात बघा, आमची डिझाइन बाहेर जाईल म्हणून नेव्हर सेंड करतात, मग ब्लॉक ॲट फर्स्ट साइट एनेबल असूनही चालतच नाही. सेफ सॅम्पल्समध्ये खाजगी माहिती असू शकेल अशी फाईल विचारल्याशिवाय जात नाही, तेव्हा घाबरू नका.

मग तिथल्याच एमपीइंजिन (MpEngine) फोल्डरात क्लाउड प्रोटेक्शन लेव्हल हाय करा आणि क्लाउडच्या तपासणीला जादा वेळ 50 सेकंद द्या, मूळचे 10 धरून मिनिटभर फाईल थांबवता येते. त्याच लेव्हलमधलं झीरो टॉलरन्स मात्र नको, त्यात अनोळखी प्रोग्राम सरसकट अडतात, तुमचं जॅकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअरसुद्धा अडकायचं.

एक मात्र लक्षात घ्या, ब्लॉक ॲट फर्स्ट साइट इंटरनेटवरनं आलेल्या फाईलींसाठी आहे. डिझाइनवाले पेनड्राइव्ह घेऊन येतात तिथं हे कामाला येत नाही, त्यासाठी डिफेंडरच्याच अटॅक सरफेस रिडक्शन नियमांमधला यूएसबीवरचे डिजिटल सही नसलेले प्रोग्राम अडवणारा नियम वेगळा लावा.

आणि आजच एक्सक्लूजनची यादी (डिफेंडर जे तपासत नाही त्याची) उघडून बघा. अकाउंटचं सॉफ्टवेअर स्लो चालतंय म्हणून कुणीतरी अख्खा डी ड्राइव्ह त्यात टाकलेला असतो, मी कितीतरी ऑफिसात बघितलंय हे. असेल तर पहिल्यांदा तो काढा, मग बाकीचं.