घण, वाफेचे ड्रिल आणि जॉन हेन्री

प्रश्न : ‘जॉन हेन्री’ या अमेरिकन लोकगीताची काही जुनी ध्वनिमुद्रणे अलीकडे ऐकली. गायकागणिक कडवी बदलतात, पण वाफेच्या यंत्राशी पैज लावून ती जिंकणारा आणि हातात घण असतानाच प्राण सोडणारा कृष्णवर्णीय मजूर सगळीकडे तोच आहे. असा माणूस खरोखर होऊन गेला काय? आणि हे गाणे जन्मले कोठे?

उत्तर : गाण्याच्या जन्मस्थानाबद्दल बऱ्याच खात्रीने बोलता येते, माणसाबद्दल तितके नाही, म्हणून आधी स्थळाकडे वळू. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि त्यानंतर चेसापीक अँड ओहायो रेल्वे कंपनीने व्हर्जिनियातून अ‍ॅपलॅशियन डोंगररांगा ओलांडून ओहायो नदीपर्यंत लोहमार्ग नेण्याचे काम हाती घेतले. १८७३ च्या आरंभी हा मार्ग पुरा झाला. त्यासाठी जे बोगदे खणावे लागले, त्यांपैकी वेस्ट व्हर्जिनियातील टॅलकट गावाजवळचा बिग बेंड बोगदा १८७० ते १८७२ या काळातला. ग्रीनब्रायर नदीचा लांबलचक वळसा वाचवण्यासाठी तो काढला गेला. लांबी मैलाहून अधिक, आणि खडक तांबडा, ठिसूळ, केव्हा सुटून अंगावर येईल याचा नेम नसलेला. काम करणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, त्यांतले कित्येक नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले.

गाणे समजायचे तर या कामाची रीत ठाऊक हवी. सुरुंगासाठी खडकात भोक पाडायला दोघांची जोडी लागे. एकजण पोलादी पहार खडकाला लावून धरी आणि दुसरा नऊ-दहा पौंडांचा घण तिच्या माथ्यावर घाली. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार थोडी फिरवायची, हलवून भोकातला भुगा मोकळा करायचा आणि पुढचा घाव पडण्याच्या आत हात पुन्हा स्थिर करायचा. या साथीदाराला ‘शेकर’ म्हणत. मिणमिणत्या उजेडात हे चाले. घाव क्षणभर लवकर पडला तर शेकरचा हात जायचा, आणि म्हणून लय हा तेथे हौसेचा विषय नव्हता. ती लय गाण्याने सांभाळली जाई. पुरेसे खोल भोक झाले की त्यात दारू ठासून बत्ती देत. चित्रांत आणि मुलांच्या पुस्तकांत जॉन हेन्री पुष्कळदा रुळांचे खिळे ठोकताना दिसतो, पण मूळ कथागीतातला नायक खिळे ठोकणारा नसून सुरुंगाची भोके पाडणारा आहे. यंत्राशी त्याची स्पर्धा होऊ शकते ती यामुळेच, कारण दगडात भोके पाडणारी यांत्रिक ड्रिले नेमकी त्याच सुमारास बोगद्यांच्या कामात शिरत होती. ती वरचेवर बिघडत, त्यांची तोंडे भुग्याने तुंबत. निष्णात घणकऱ्याने एखाद्या दिवशी अशा यंत्रावर मात करणे मुळीच अशक्य नव्हते.

खऱ्या जॉन हेन्रीचा शोध पद्धतशीरपणे प्रथम घेतला तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गाय जॉन्सन आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील लुई चॅपेल या दोघांनी. जॉन्सन यांचे पुस्तक १९२९ मध्ये, चॅपेल यांचे १९३३ मध्ये निघाले, आणि दोघेही स्वतंत्रपणे बिग बेंडपाशी येऊन थांबले. बोगद्यावर काम केलेली वृद्ध माणसे तेव्हा हयात होती. त्यांतल्या काहींनी शर्यतीची हकिगत सांगितली, तर तेथेच राबलेल्या इतरांनी असे काही घडलेच नाही असे बजावले. कंपनीच्या दप्तरात आधार मिळेना. एवढ्या विसंगत साक्षींवर जॉन्सन यांनी छातीठोक निष्कर्ष काढला नाही हे त्यांच्या पदरात टाकायला हवे.

पुढचे मोठे पाऊल २००६ मध्ये पडले. इतिहासकार स्कॉट रेनॉल्ड्स नेल्सन यांनी रिचमंड येथील व्हर्जिनियाच्या मध्यवर्ती तुरुंगाच्या नोंदवह्यांतून जॉन विल्यम हेन्री नावाचा कैदी शोधून काढला. न्यू जर्सीहून आलेला हा तरुण १८६६ मध्ये चोरीच्या आरोपावरून पकडला गेला, तेव्हा वय १९ वर्षे आणि उंची अवघी पाच फूट सव्वा इंच. शिक्षा मात्र दहा वर्षांची. तुरुंगातील माणसे त्या काळी कंत्राटदारांना भाड्याने दिली जात, आणि हा कैदीही रेल्वेच्या कामावर धाडला गेला. नेल्सन यांच्या मते शर्यत बिग बेंडला नव्हे, तर त्याच मार्गावरच्या व्हर्जिनियातील लुईस बोगद्यात झाली असावी, कारण कैदी मजूर आणि वाफेची ड्रिले शेजारी शेजारी चालल्याचा कागदोपत्री पुरावा तेथला आहे. गाण्याच्या काही पाठांत जॉन हेन्रीला एका ‘पांढऱ्या घरा’पाशी नेऊन वाळूत पुरल्याचे कडवे येते. रिचमंडच्या तुरुंगाच्या आवारात एक पांढरी इमारत होती आणि १९९२ मध्ये तेथे खोदकाम चालू असताना सुमारे तीनशे मानवी सांगाडे मिळाले. ही संगती वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. तथापि एका कडव्यावर सगळी इमारत उभी करणे मला धोक्याचे वाटते. लोकगीतात कडवी या गाण्यातून त्या गाण्यात सहज वाहत जातात आणि ‘पांढरे घर’ही तसेच आले असू शकते.

जॉन गार्स्ट या अभ्यासकांनी तिसरी जागा सुचवली आहे, ती अलाबामातील लीड्सजवळचे बोगदे, साल १८८७. तेथील मौखिक परंपराही दुर्लक्षिण्यासारखी नाही. माझे मत विचाराल तर गाण्याची पाळेमुळे चेसापीक अँड ओहायोच्या बोगद्यांतील मजुरांत आहेत, आणि तेथून कामाच्या शोधात दक्षिणभर पांगलेल्या माणसांनी ते आपल्याबरोबर नेले. नेल्सन यांनी शोधलेला कैदी हाच तो नायक होता असे म्हणण्यापुरता पुरावा मला दिसत नाही, पण त्याच्यासारख्यांचे काय झाले हे त्यांनी निर्विवादपणे दाखवले आहे. ते शर्यतीने मेले नाहीत. सुरुंगानंतर उडणारी दगडाची बारीक धूळ फुप्फुसांत साठून, सिलिकोसिसने, ती माणसे कुजत गेली.

प्रश्न : या गाण्याचा अस्सल, मूळ पाठ कोणता समजावा?

उत्तर : असा पाठ नाही. अभ्यासकांच्या नियतकालिकात या गाण्याचा उल्लेख प्रथम १९०९ मध्ये आला. लुईझ रँड बास्कम यांनी ‘जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोर’मध्ये त्याच्या केवळ दोन ओळी दिल्या आणि उरलेले गाणे मिळवण्याची इच्छा व्यक्त केली. त्याआधी, साधारण १९०० च्या सुमारास, ते एका सुट्या पत्रकावर छापून विकले जात होते. पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९२४ चे, जॉर्जियातील श्वेतवर्णीय फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) फिडलिन’ जॉन कार्सन यांचे. ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्या तेव्हा कृष्णवर्णीयांचे आणि डोंगराळ भागातील गोऱ्यांचे संगीत वेगवेगळ्या याद्यांत ठेवीत, पण जॉन हेन्री मात्र दोन्हीकडे सारख्याच आपलेपणाने गायला गेला.

ठळक प्रसंग बहुतेक पाठांत सारखे आहेत. आई किंवा बापाच्या मांडीवर बसलेले मूल घण उचलते आणि हाच आपला जीव घेणार असे बोलते. मग मुकादम, ज्याला गाण्यात ‘कॅप्टन’ म्हणतात, यंत्र आणण्याची धमकी देतो. जॉन हेन्री चौदा फूट खोल जातो, यंत्र कसेबसे नऊ फूट. बायकोचे नाव कधी पॉली अ‍ॅन, कधी जुली अ‍ॅन, कधी ल्यूसी. मला स्वतःला तिचे कडवे सर्वांत आवडते, कारण नवरा आजारी पडला तेव्हा तिने घण हाती घेतला आणि ती पुरुषासारखी पोलाद ठोकत राहिली, एवढेच त्यात सांगितले आहे. कौतुक नाही, आश्चर्यही नाही.

प्रश्न : आज घणाने सुरुंग पाडत नाहीत आणि वाफेची ड्रिलेही उरलेली नाहीत. मग दीडशे वर्षांनंतर या गाण्याची मोहिनी का टिकली? माणूस विरुद्ध यंत्र हा विषय जुना होत नाही, एवढेच त्याचे कारण काय?

उत्तर : तेवढे कारण मला अपुरे वाटते. यंत्राविरुद्धची गाणी औद्योगिक काळात अनेक झाली, त्यांतली बहुतेक विसरली गेली. ‘जॉन हेन्री’चे वेगळेपण असे की एकाच मृत्यूवर दोन परस्परविरोधी गाणी उभी आहेत आणि ती दोन्ही आजवर शेजारी नांदत आली आहेत.

एक गाणे आपण वर पाहिलेले कथागीत. ते पराक्रम सांगते. जिंकून मेलेल्या माणसाची मान त्यात ताठ आहे. दुसरे गाणे प्रत्यक्ष काम करताना म्हटले जाणारे श्रमगीत, आणि त्याचा सूर अगदी निराळा आहे. ओळ थोडी, मग घावापुरती विश्रांती, मग पुन्हा ओळ. त्यात कथा जवळजवळ नसतेच. या घणाने जॉन हेन्रीला मारले, मला तो मारणार नाही, असे गाणारा बजावतो. म्हणजे ज्या माणसांनी हे काम केले, त्यांच्या तोंडी जॉन हेन्री हा आदर्श कमी आणि इशारा अधिक होता. मुकादमाने लय वाढवायला सांगितली तर ती वाढवू नका, कारण वाढवणाऱ्याचे काय झाले ते ठाऊक आहे, असा व्यवहारी शहाणपणा त्यात आहे, आणि गाण्याची चाल हाती असल्यामुळे कामाची गती ठरवण्याचा थोडासा अधिकारही मजुरांकडे राहत असे. श्रोत्याला जाणवो वा न जाणवो, कथागीताच्या अभिमानाखाली हा नकार सतत वाजत असतो.

म्हणूनच प्रत्येक पिढीला या गाण्यातून हवे ते घेता आले. कृष्णवर्णीय समाजाला त्यात ताठ मानेचा नायक मिळाला, चित्रकार पामर हेडन यांनी १९४० च्या दशकात त्याच्यावर चित्रमालिका रंगवली, आणि डाव्या विचारांच्या कामगार चळवळींनी त्याला आपलासा केला. उलट टोकाला, १९९६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने लोकनायकांच्या तिकिटांत त्याला बसवले, तेव्हा तो कष्टाळूपणाचा निरुपद्रवी पुतळा झाला होता. रॉक गायक ब्रुस स्प्रिंगस्टीन यांनी २००६ मध्ये हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. दरम्यान गाण्यामागचे वास्तवही संपले नव्हते. १९३० च्या सुमारास त्याच वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे बोगदा खणताना धुळीने शेकडो मजूर दगावले, आणि त्यांतही कृष्णवर्णीयांचीच संख्या मोठी होती.

चालीचा वाटाही कमी लेखू नये. स्वर मोजके, शेवटची ओळ दोनदा म्हणायची सोय, आणि घाव जेथे पडेल तेथेच जोर. त्यामुळे बँजोवर, फिडलवर किंवा काचेची नळी सरकवून वाजवलेल्या गिटारवर ती सारखीच बसते आणि नवशिक्यालाही लगेच धरता येते.

हे दोन्ही सूर ओळखायचे असतील तर दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये संपादित केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या संग्रहात दोन्ही आहेत. एक विल्यमसन ब्रदर्स अँड करी यांचे १९२७ चे, धावत सुटलेले, हातात घण घेऊनच मरेन म्हणणारे. दुसरे मिसिसिपी जॉन हर्ट यांचे १९२८ चे ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’. हर्ट हे शेतमजूर होते आणि काही काळ त्यांनी रेल्वेमार्गावरही काम केले होते. त्यांचा आवाज मुळीच चढत नाही. जॉन हेन्रीचा लाल माखलेला घण रस्त्याकडेला पडून आहे असे ते गातात आणि आपला घण कॅप्टनकडे पोहोचवायला सांगून, मी निघून गेलो असे कळवा म्हणतात. आधी पहिले ऐकावे, मग दुसरे. उलट क्रमाने ऐकल्यास पहिल्यातला जोश काहीसा संशयास्पद वाटू लागतो.