संगीतरचना आणि ऑडिओ तंत्रज्ञान, दोन्ही धरून प्राध्यापक होता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात, पेटीवर चाली बांधता, आणि या दोन्हींतून प्राध्यापकी करायची आहे. त्यासाठी गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यावी की नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), हा तुमचा प्रश्न.

होता येतं. फक्त दोन्हींपैकी कशाचा पगार मिळावा आणि काय हौसेनं चालावं, हे आधी ठरवा. मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंग शिकवतो आणि राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांना संगीत देतो. कॉलेजच्या लेखी हे दुसरं काम म्हणजे शून्य. बढतीच्या फॉर्मात पेपरला रकाना आहे, पेटंटला आहे, चालीला नाही. माझं त्यावाचून अडत नाही. तुमचं अडणार असेल तर वाट वेगळी.

अमेरिका-ब्रिटनमधल्या संगीत विभागांत रचना हेच संशोधन धरतात. पीएचडीला स्वतःच्या रचनांचा संच आणि त्यावरचं विवेचन देता येतं, आणि 'कंपोझिशन आणि म्युझिक टेक्नॉलॉजी' अशा एकत्र पदांच्या जाहिराती निघतात. अर्थात तिथेही सगळं आलबेल नसतं. जॉन चाऊनिंग मुळात तालवाद्य वाजवणारे संगीतकार. १९६७ मध्ये स्टॅनफर्डला संगणकावर व्हायब्रेटोचा, म्हणजे स्वराच्या कंपाचा, वेग वाढवत नेताना त्यांच्या लक्षात आलं की एका टप्प्यानंतर कंप ऐकू येत नाही, नवाच नाद तयार होतो. यातूनच एफएम सिंथेसिस, म्हणजे एका कंपानं दुसरा कंप हलवून नाद बनवायची पद्धत, निघालं. तरी विद्यापीठानं त्यांना कायम केलं नाही. पुढे वाद्यं बनवणाऱ्या यामाहा कंपनीनं रस घेतल्यावर परत बोलावलं, आणि तिच्या १९८३ च्या डीएक्स-७ या सिंथेसायझरमधून तो नाद जगभर पोचला.

आपल्याकडे हे काम बहुतेक इंजिनिअरिंगच्या छपराखाली चालतं. आयआयटी मुंबईत प्रीती राव इलेक्ट्रिकल विभागात राहून हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिविश्लेषणावर काम करत आल्या आहेत. २०११ मध्ये बार्सिलोनाच्या झेविअर सेरांनी सुरू केलेल्या, संगणकानं संगीताचा अभ्यास करणाऱ्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत होतं. याच विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद इस्मिर २०२२ मध्ये बंगळुरूला झाली. म्हणजे विषय आडवळणाचा राहिलेला नाही.

आता तुमची खरी पुंजी कुठे आहे ते सांगतो. गाण्याच्या मैफलीचं रेकॉर्डिंग घेऊन त्यातून गायकाच्या स्वराचा आलेख काढायचा, हे साधं वाटणारं काम आहे. पण खाली तानपुरा अखंड चालू, आणि पेटीवाला गळ्याच्या मागोमाग तेच स्वर वाजवतोय. प्रोग्राम पुनरावृत्ती शोधतो, म्हणून कधी एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो, कधी गळा हळू झाला की पेटीच धरून बसतो. सप्तकाची उडी कोणालाही दिसते. दुसरी गफलत मात्र दिसायला अगदी स्वच्छ असते, नुसत्या इंजिनिअरला त्यात काही वावगं वाटणार नाही. पेटी वाजवणाऱ्याला वाटेल: मींड असायला हवी तिथे रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढतेय, म्हणजे हा गळा नाही, ही पेटी आहे. असे प्रश्न ज्याला कानानं सापडतात आणि कोडनं सोडवता येतात, त्याला गाइड (संशोधनाचा मार्गदर्शक) आनंदानं घेतो. रेकॉर्डिंगचे आलेख दाखवणारं सोनिक व्हिज्युअलायझर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. तुमच्या गुरुजींची एक बंदिश त्यात घालून बघा. (रेकॉर्डिंग एप्रिल-मेमध्ये करू नका. कूलर चालू ठेवला तर घरघर येते, बंद केला तर गुरुजी गात नाहीत.)

तबल्याच्या शाईचंही असंच. त्या लेपामुळे कातड्याचे कंप जवळपास स्वरमेळात, म्हणजे एकमेकांच्या पूर्ण पटींत, येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवलं. त्यावर अजूनही काम होतं.

ऐकणं वाढवायला इथे जागा आहेत. देशपांडे सभागृहात कार्यक्रम असेल तेव्हा शक्य झाल्यास साउंडवाल्याच्या शेजारी उभे राहा. मॉनिटर (कलाकारासमोरचा स्पीकर) शिट्टी मारायला लागला की तो कुठली फ्रिक्वेन्सी खाली आणतो ते बघा. आमच्या अभ्यासक्रमात हे नाही.

गेट की नेट? इंजिनिअरिंगमध्ये असिस्टंट प्रोफेसरला एमटेक लागतं, नेट नाही, म्हणून गेट. संगीत विभागात शिकवायचं तर आधी संगीतात एमए, मग नेट किंवा पीएचडी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कलाकारांसाठी आणखी एक दार आहे, पण त्याला आकाशवाणी-दूरदर्शनची 'ए' श्रेणी लागते.

मी तुमच्या जागी असतो तर गेट देऊन ऑडिओवर काम करणारा गाइड शोधला असता, आणि चाली तारखेसकट नीट रेकॉर्ड करून ठेवल्या असत्या. बाहेर अर्ज करायची वेळ आली तर त्याच मागतील. तिथे जमल्यास थेट पीएचडीलाच अर्ज करा. तिला बरेचदा फी माफी आणि स्टायपेंड असतो, मास्टर्सचा खर्च बहुधा घरच्यांच्या खिशातून जातो.