गुरुजी, स्वस्त आहे म्हणून बक्षीसपत्र करू नका

प्रश्न : वय 71, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. अमळनेर तालुक्यात सहा एकर शेती आहे. चार वडिलोपार्जित, दोन मी नोकरीत असताना विकत घेतलेली. गावात घर, बँकेत 14 लाखांच्या ठेवी, पतसंस्थेत 5 लाख. थोरला पुण्याला नोकरीत, धाकटा शेती पाहतो, मुलगी दोंडाईच्याला दिली आहे. धाकटा म्हणतो, 200 रुपयांत बक्षीसपत्र होतं, शेती आताच नावावर करून टाका. मृत्युपत्र करू की बक्षीसपत्र? शेवटी मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, डोळे दान करावेत, तेराव्याचा खर्च टाळावा असंही वाटतं. पण घरात विषय काढला की 'आते काय घाई शे?'

उत्तर : गुरुजी, 200 रुपयांचं खरं आहे. मुलाला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क तेवढंच लागतं. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा. पण एकदा नोंदलेलं बक्षीसपत्र तुम्हाला वाटलं म्हणून रद्द करता येत नाही. मृत्युपत्र तुम्ही कितीही वेळा बदलू शकता. पुढे मोठं आजारपण निघालं तर विकायला, गहाण ठेवायला काहीतरी तुमच्या नावावर राहिलं पाहिजे. म्हणून सगळी शेती आज देऊ नका.

धाकट्याची अडचण मात्र मी खोटी मानत नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर विकास सोसायटी त्याला पीककर्ज देत नाही. कापसाचा हंगाम उभा करताना दर वेळी बापाची सही मागायची, हे चाळिशीतल्या माणसाला जड जातं. तेव्हा स्वतः घेतलेली दोन एकर त्याला बक्षीस द्यायला माझी हरकत नाही. फक्त त्या दस्तात 'आई-वडिलांचा सांभाळ आणि औषधपाणी करायचं' ही अट स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट दस्तात नसेल तर ती होती हे सिद्ध करताना दमछाक होते. मुलगा चांगला आहे, अट कशाला, असं तुम्ही म्हणाल. चांगला आहे म्हणूनच त्याला ती खुपणार नाही.

चार एकरांचं काम अवघड आहे. ती जमीन तुमच्याकडे कशी आली याचे जुने फेरफार आधी काढा आणि वकिलाला दाखवा. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत आली असेल तर मुलांइतकाच मुलीचाही तिच्यात जन्मापासून हिस्सा आहे. 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींनंतर यात शंका उरलेली नाही. मग तुम्ही फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करू शकता. वडील गेल्यावर वारसाने तुमच्या एकट्याच्या नावावर लागली असेल तर चित्र बदलू शकतं. साडीचोळी देऊन लेकीकडून हक्कसोड लिहून घ्यायची आपल्याकडची रीत तुमच्या डोक्यात असेल, तर ती आधी काढा. तिला नको असेल तर ती आपणहून नोंदणीकृत हक्कसोड देईल.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदारांदेखत सही करा. ते तुमच्याहून वयाने लहान असावेत आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार त्यांच्यातले नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्या. घरात शेती पाहणारा एक आणि लांब राहणारे दोघं असले की सहीवरूनच शंका निघतात. धाकट्याला दोन एकर का दिली, तेही त्यात दोन ओळींत लिहा.

शेवटच्या इच्छा मात्र या मृत्युपत्रात कोंबू नका. ते बाहेर निघेल तेव्हा तेरावं आटोपलेलं असेल आणि गावजेवणही झालेलं असेल. त्या वेगळ्या कागदावर लिहून तिन्ही मुलांना आजच एकेक प्रत द्या. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन करायचा, एवढं घरच्यांना तोंडपाठ हवं. तुम्ही फॉर्म भरला असला तरी फोन तेच करणार. व्हेंटिलेटरबाबत आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि 2023 मध्ये सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा, त्याचं नाव त्यात असू द्या. माझं मत, ते थोरल्याचं नसावं. पुण्याहून यायला सहा-सात तास लागतात.

ठेवींवर नॉमिनीचं, म्हणजे तुमच्यानंतर बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे त्याचं, नाव आहे का ते पाहा. नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार जणांपर्यंत नावं देता येतात. पण पैसे हातात आले म्हणून नॉमिनी मालक होत नाही, वाटप मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच होतं. तुमच्या जागी मी असतो तर बाईंचं, म्हणजे पत्नीचं, नाव घातलं असतं. पतसंस्थेतल्या 5 लाखांना बँकेसारखं ठेव विमा संरक्षण नसतं. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांच्या दारात म्हाताऱ्या माणसांनी किती हेलपाटे घातले ते तुम्हीही पाहिलंय. मुदत संपली की रक्कम बँकेत आणा.

सगळ्यात आधी मात्र पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, बाहेर काढा. त्यावरचं बाईंचं नाव आणि जन्मतारीख त्यांच्या आधारशी जुळते का बघा. नसेल तर पंचायत समितीत अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन तिथेच अडकतं. मुलांनाही बजावून ठेवा की तुमच्यामागे एटीएमने किंवा मोबाइलवरून तुमच्या खात्यातून पैसे काढायचे नाहीत. तुमच्या निधनानंतर जमा झालेली पेन्शन बँक परत वसूल करते, आणि तो घोळ निस्तरेपर्यंत बाईंची पेन्शन लांबते.