पाय टेकला की नापास

प्रश्न : ताई, माझं वय ४३, राहते भांडुपला. नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि त्याची ११० सीसीची बाईक दोन वर्षं सोसायटीत धूळ खात पडलीय. मला सायकल येते, स्कूटर कधी चालवली नाही. घरचे म्हणतात या वयात गिअरची कशाला, सरळ स्कूटर घे. पार्किंगमध्ये दोनदा ट्राय केलं, दोन्ही वेळा गचका बसून गाडी बंद पडली आणि वॉचमन हसला. लायसन्सचं पण काही माहीत नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, भांडुप

उत्तर : वॉचमनला हसू दे हो. मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भावाच्या बाईकवर शिकले, तेव्हा आमच्या बिल्डिंगची अख्खी गॅलरी हसायला उभी असायची. आणि सायकल येते म्हणजे बॅलन्सचं काम झालेलं आहे, उरला फक्त क्लच.

तुमची गाडी बंद पडते कारण तुम्ही क्लच सोडताय. तो सोडायचा नसतो, सोडत जायचा असतो. आत इंजिनाच्या बाजूच्या प्लेटा आणि चाकाच्या बाजूच्या प्लेटा असतात, क्लच दाबला की त्या एकमेकींपासून सुटतात, आणि हळूहळू सोडलात की आधी थोड्या घासतात आणि मग घट्ट धरतात. हा मधला घासायचा टप्पा म्हणजे हाफ क्लच, सगळी विद्या तिथेच आहे. सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, उजव्या हाताने अॅक्सिलरेटरला हातच लावू नका, आणि डाव्या हाताची बोटं इतकी सावकाश उघडा की स्वतःलाच कंटाळा आला पाहिजे. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज थोडा जड होतो आणि गाडी एखादा इंच पुढे सरकते. तिथेच थांबा, परत दाबा. परत सोडा, परत दाबा. पहिले दोन दिवस एवढंच करा, पाय जमिनीवर ठेवून, दुसरा गिअर बघायचासुद्धा नाही. बोटं दुखतील, पण तिसऱ्या दिवशी तो पॉइंट हाताला आपोआप सापडतो.

मी हे न करता थेट क्लास लावला होता. शिकवणारे मागे बसायचे आणि माझ्या हातांवर हात ठेवून अॅक्सिलरेटर, क्लच सगळं स्वतःच चालवायचे, मी आपली पुढे बसलेली पॅसेंजर. आठ दिवसांनी पैसेही गेले आणि गाडीही येईना. त्यामुळे क्लास लावलात तर पहिल्याच दिवशी सांगा, हात माझे राहतील.

त्याआधी गाडीचं बघा. दोन वर्षं उभी म्हणजे बॅटरी नक्की बसली असणार, टाकीतलं पेट्रोल जुनं झालं असणार, टायरमध्ये हवा नसणार. मेकॅनिकला बोलवा, आणि इन्शुरन्स आणि पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीच्या सर्टिफिकेटची, तारीख बघा, बहुतेक दोन्ही संपलेत.

आता लायसन्स. लर्निंगसाठी आता आरटीओत जावंच लागतं असं नाही, आधार असेल तर सरकारच्या सारथी पोर्टलवर घरबसल्या परीक्षा देता येते, महाराष्ट्रात २०२१ पासून ही सोय आहे. प्रश्न खुणा आणि नियमांचे असतात, ६० टक्के बरोबर आले की पास, पण नुसतं पास व्हायला वाचू नका, खुणा नीट बघून घ्या, पुढे कामाला येतात. तुमचं वय चाळीसच्या वर म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १-अ लागेल. आणि फॉर्म भरताना ‘गिअरसहित’ मोटरसायकलवर टिक करा, इथे चुकणारे खूप आहेत, विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालत नाही.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, आणि मागे बसणारा फक्त शिकवणारा, तोही पक्कं लायसन्सवाला. भाचीला शाळेत सोडून येते वगैरे अजिबात नाही. रस्त्यावर निघाल तर रविवारी सकाळी सातला निघा, बीकेसीचे, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सचे रस्ते तेव्हा रिकामे असतात, बॅलार्ड इस्टेट तर त्याहून शांत. एलबीएस मार्ग मात्र महिनाभर विसरा.

टेस्टचं खरं नाव आठ. जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा असतो, त्यावरून पाय न टेकता फिरायचं. मी पहिल्या वेळी नापास झाले. वळताना गाडी झुकतेय असं वाटलं आणि उजवा पाय खाली गेला, बस, संपलं. सात दिवसांनी परत गेले. मधल्या दिवसांत भावाने पार्किंगमध्ये खडूने आठ काढून दिला आणि एकच गोष्ट शिकवली, चाकाकडे बघू नको. खाली बघितलं की गाडी खालीच जाते. नजर पुढच्या वळणावर, क्लच हाफ, अॅक्सिलरेटर थोडा पण एकसारखा, आणि मागचा ब्रेक पायाने नुसता टेकवून ठेवायचा, म्हणजे स्पीड पण हाताबाहेर जात नाही आणि गाडी डळमळत पण नाही. त्या वेळी पुढचा ब्रेक चुकूनही ओढू नका, हॅंडल वळलेलं असताना तो धरला की आडवे. सरळ रस्त्यावर मात्र पुढचाच ब्रेक खरा थांबवणारा, दोन्ही मिळून दाबायची सवय पहिल्यापासून लावा.

स्पीडने सरळ कोणीही चालवतं हो, माणसाच्या चालीने चालवता येणं कठीण, आणि मुंबईत रोज तेच करावं लागतं.

प्रश्न : मुलगा १७ चा आहे, बाईकसाठी हट्ट धरून बसलाय. आमच्या आवारातली बरीच मुलं चालवतात. लर्निंग मिळेल का? – एक बाबा, दादर

उत्तर : गिअरच्या बाईकचं नाही मिळणार, त्याला १८ पूर्ण लागतात. १६ नंतर पालकांच्या संमतीने मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, आणि आपण रोज बघतो त्या स्कूटर ११० च्या पुढच्या, म्हणजे त्याही गेल्या. तसाच चालवताना सापडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ लागतं, पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे एक वर्ष थांबायचं की आठ, हे त्यालाच विचारा. तोवर सायकल द्या, बॅलन्सला उपयोगी पडेल.

प्रश्न : नवीन बाईक घेतली, लायसन्स गेल्याच महिन्यात हातात आलं. दोन शंका. एक, दिवसा चालवताना येणारे-जाणारे बोटं उघडझाप करून काहीतरी खूण करतात, ते काय? आणि दुसरी, चेंबूरहून फोर्टला ऑफिसला जायला फ्रीवे घेऊ का? – एक वाचक, चेंबूर

उत्तर : ते तुम्हाला प्रेमाने सांगतायत की दिवसा लाइट चालू राहिलीय. एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतो, बंद करायचं बटणच नाही. मान हलवून थॅंक्यू म्हणायचं आणि पुढे जायचं, मी तर आता सगळ्यांना सलाम ठोकते.

फ्रीवे नाही. ईस्टर्न फ्रीवे, सी-लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, जेजे हॉस्पिटलजवळचा पूल, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे आणि नवीन लोक मॅपच्या नादाने हमखास चढतात. मॅपमध्ये कारऐवजी बाईक निवडलीत की बराच त्रास वाचतो. तुम्ही सायन, दादर, लालबाग, भायखळा करत या आणि जेजेला पुलाखालून जा. शिवडी, रे रोडचा रस्ता मोकळा दिसतो, पण तिथे ट्रेलर आणि टॅंकर असतात, सहा महिने तरी नको. ट्रेलरच्या डाव्या बाजूला तर कधीच घुसायचं नाही, वळताना त्याला तुम्ही दिसतच नाही.

आणि पहिल्या पावसाच्या दिवशी गाडी घरी ठेवा, लोकलने जा. वर्षभराचं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा साबण लावल्यासारख्या होतात. दोन-तीन दिवस धुऊन गेलं की मग काढा. मागे कोणी बसणार असेल तर त्यालाही हेल्मेट, मुंबईत जून २०२२ पासून त्यावर कारवाई होते, आयएसआयवालं घ्या आणि पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं.